समोर कोण बसलंय

स्टेजवर चढायच्या आधी सुवर्णा इंगळे चष्मा काढायची, पदराला पुसायची आणि नवऱ्याच्या शर्टाच्या खिशात टाकायची. मग तिचा नवरा नागसेन तिचा हात धरून तिला पायऱ्या चढवून वर न्यायचा. खाली बसलेल्या बायका एकमेकींना कोपरानं ढोसायच्या. काय जोडी आहे म्हणायच्या! पण नागसेननं हात सोडला असता तर आपली गायिका पहिल्याच पायरीला तोंडावर आपटली असती, हे त्यातल्या एकीलाही माहीत नव्हतं.

सुवर्णाचा नंबर साडेआठ. चष्मा नसला की समोरचं माणूस म्हणजे रंगाचा एक डाग, आणि स्टेजवरचा दिवा म्हणजे पसरलेलं पिवळं फूल. तरी ती चष्मा काढायचीच. त्याला कारण होतं. कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये ती पहिल्यांदा माइकसमोर उभी राहिली, तेव्हा जाड काचांवर दिव्यांचा उजेड चमकला आणि मागून कुणीतरी ओरडलं, “ए बॅटरी, लाईट बंद कर!” सगळा हॉल खदखदून हसला. तिनं गाणं पुरं केलं, पण घरी येऊन रात्रभर उशी भिजवली. पुढच्या खेपेला तिनं चष्मा काढून ठेवला, आणि काय आश्चर्य, आवाज मोकळा सुटला. समोर नुसते डाग. डाग हसत नाहीत.

लग्न होऊन ती मेहकरला आली, ती गाण्याच्याच घरात. सासरे शंकरराव भीमगीतं लिहायचे, गायचे. नागसेनचं बसस्टँडजवळ मोबाईल दुरुस्तीचं दुकान होतं, पण ढोलकीवर त्याचा हात असा काही पडायचा की ऐकणाऱ्याची मान आपोआप डोलावी. पेटीवर त्याचा चुलतभाऊ प्रसेनजित. शंकरराव गेल्यावर त्यांची गाण्याची पार्टी सुवर्णाच्या गळ्यावर चालू राहिली. दोन गाण्यांच्या मधे ती नागसेनकडे वाकायची आणि हळूच विचारायची, “कशी हाये पब्लिक?”

“फुल,” नागसेन म्हणायचा. “पाय ठेवाले जागा नाई.”

टाळ्या कमी का ऐकू येतात, असं तिनं एकदा विचारलं होतं. “उघडं मैदान हाये,” तो म्हणाला होता, “आवाज हवेत उडून जातो.” तिला ते पटलं होतं.

यंदाच्या एप्रिलमध्ये, जयंतीच्या दिवसांत, देऊळघाटला कार्यक्रम होता. दिवस नुकताच मावळला होता. सुवर्णा सासऱ्यांचं रमाईवरचं गाणं म्हणत होती. दुसऱ्या कडव्याला स्टेजच्या कडेशी काहीतरी पांढरं हललं. बॅनरचा कोपरा वाऱ्यानं उडत असेल, असं तिला वाटलं. ती गात गात दुसऱ्या बाजूला वळली.

कार्यक्रम संपल्यावर आयोजक हिंमतराव जवळ आले. “ताई, गाणं झकासच झालं,” ते म्हणाले. “पण एक गोष्ट बोलतो, राग मानू नका. आमच्या सोजराबाई गजरा घेऊन स्टेजपाशी उभ्या होत्या. किती वेळ हात वर करून! तुमी पाह्यलं आन् तोंड फिरवलं. म्हातारं माणूस, त्याचा असा हिरमोड कराले नव्हता पाह्यजे.”

‘मला दिसत नाही’ एवढं तीन शब्दांचं उत्तर होतं, पण इतकी वर्षं लपवलेलं असं चटकन बाहेर येत नाही. तिनं डोळे बारीक करून गर्दीत पाहिलं, म्हातारी केव्हाच घरी गेली होती.

जीपमध्ये ती म्हणाली, “मी तोंड फिरवलं म्हणे.”

“जाऊ दे,” नागसेन म्हणाला. “लोकं बोलतच राह्यतात.”

पण तिनं ते जाऊ दिलं नाही. त्याच आठवड्यात ती बुलढाण्याच्या बसमध्ये बसली आणि तिथून देऊळघाटला गेली, एकटीच, चष्मा लावून. विचारत विचारत सोजराबाईंच्या घरी पोचली. म्हातारी ओट्यावर बसून चिंचा फोडत होती.

“जयभीम, आजी.”

“जयभीम, माय. कोण व्हय तू?”

“त्या दिवशी गाणं म्हणाले आल्ती ना, ते मी.”

सोजराबाईंनी तिला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. “ते तं बिनचष्म्याची होती.”

“तेच सांगाले आली, आजी.” सुवर्णानं चष्मा काढून हातात घेतला. “आता तुमी मले नुसत्या हिरव्या दिसता. तोंड दिसत नाई, हात दिसत नाई. गजराबी नाई दिसला. मी तोंड नाई फिरवलं.”

म्हातारीनं काहीतरी उचलून सुवर्णाच्या नाकासमोर धरलं. “हे काय हाये?”

“चिंच.”

“मंग दिसते तं!”

“वासानं वळखली, आजी.”

सोजराबाई मोठ्यानं हसल्या आणि त्यांनी तिला हाताला धरून शेजारी बसवलं. “आन् मंग काढतं काऊन तो चष्मा?”

“लोकं हासतात.”

“कोण हासलं?”

“लई वर्सं झाली. कॉलेजात एक पोट्टं ओरडलं होतं.”

“ते पोट्टं आता टकलं झालं असंन,” म्हातारी म्हणाली, “आन् तू त्याच्यापायी अजून आंधळ्यावानी गाऊन राह्यली.” तिनं एक चिंच सोलून सुवर्णाच्या हातावर ठेवली. “मी काई नुसता गजरा द्याले नव्हती उठली, पोरी. म्हटलं, हे बाई आपल्या रमाईचं गाणं म्हणते, एकडाव आपल्याकडं पाहून म्हणावं. बस, इतलंच.”

परतीच्या बसमध्ये सुवर्णा खिडकीशी बसली होती. चिंचेची चव जिभेवर होती आणि ‘आपल्याकडं पाहून’ हे शब्द कानात घोळत होते. एवढ्या वर्षांत ती हजारो माणसांसमोर गायली असेल. त्यातल्या एकाचाही चेहरा तिला आठवेना. आठवणार कुठून? पाहिलाच नव्हता.

घरी तिनं रियाजाला चष्मा लावून पाहिला. जमेना. तान घेताना मान हलली की चष्मा घामानं नाकावरून घसरायचा आणि एक हात सारखा त्यालाच सावरायला जायचा. माइक धरायचा, की चष्मा? कडेनं पाहिलं की जाड काचेतून उंबरठासुद्धा वाकडा दिसायचा. शेवटी ती हैदरचाचांच्या दुकानात गेली. लग्नापासून तिचे चष्मे तिथेच बनत होते. आता चाचा नुसते गल्ल्यावर बसायचे. डोळे तपासायचं काम त्यांची मुलगी मुबीना करायची. छत्रपती संभाजीनगरला रीतसर शिकून आली होती.

सुवर्णानं तिला सगळं सांगितलं. बॅटरीचं, गजऱ्याचं, घसरणाऱ्या चष्म्याचं. मग विचारलं, “माह्यासारख्या नंबराले लेन्स बसते का?”

“बसते ना, ताई. चष्म्यापेक्षा नंबर थोडा कमीच लागते लेन्सले,” मुबीना म्हणाली. “पण पहले एक विचारू? लोकं हासतात म्हणून लेन्स पाह्यजे, का दिसाले पाह्यजे म्हणून?”

सुवर्णानं चष्मा काढून पदराला पुसला.

“महिन्यापूर्वी विचारलं असतं तं पहिलं सांगितलं असतं,” ती म्हणाली. “आता दुसरं.”

“मंग ठीक. हासणाऱ्यासाठी घेतली तं आठ दिवसांत डबीत पडून राह्यते. दिसावं म्हणून घेतली तं माणूस रोज न कंटाळता हात धुते.” मुबीना हसली आणि मग गंभीर झाली. “इतला मोठा नंबर असला की आतला पडदा तपासून घ्यावा लागते. बुलढाण्याले डॉक्टरांकडून ते करून या. ते हो म्हटले तं मी ट्रायल लावून देते. आन् चष्मा सुटत नाई हां. लेन्स काढली की चष्मा लागतेच.”

डॉक्टरांनी डोळ्यांत थेंब टाकून तपासलं आणि पडदा चांगला आहे म्हणाले. खरी तपासणी घरी झाली.

“डोयात काच घालतं का तू?” भिमाबाई, तिची सासू, भाकरी थापता थापता थांबली.

“काच नाई, आई. मऊ असते. दुधावरच्या सायीवानी.”

“साय असो का लोणी असो. डोया म्हणजे डोया. माह्या बहिणीच्या डोयात चुना गेल्ता, तवापासून एका डोयाची झाली ते.” म्हातारीनं पिठाचा हात पदराला पुसला. “तुले काई झालं तं आमी काय करावं?”

ही भीती मायेची होती, सुवर्णाला ती कळली. नागसेनचं मात्र तिला कळेना. तो एरवी कशाला नाही म्हणायचा नाही. तिला स्कूटी शिकायची होती तर स्वतः मागे धावला होता. या वेळी तो चिडला.

“काय नडलं हाये? मी हावो ना! आजलोक पडू देलं का तुले?”

“नाई.”

“मंग? धूळ राह्यते, लाईट राह्यते, उन्हाळा हाये. डोळे बिघडले तं? चांगलं चाललं हाये ते चालू दे.” आणि तो दुकानाची किल्ली घेऊन निघून गेला.

सुवर्णा बरेच दिवस घुटमळली. नवऱ्याचं चुकीचं तरी काय होतं? त्यानं खरंच कधी पडू दिलं नव्हतं. लेन्स लावणं म्हणजे ‘आता तुझा हात नको’ म्हणण्यासारखं तर होणार नाही? धुणं वाळत घालताना, भाजी चिरताना ती दोन्ही बाजू तोलत राहायची. एका बाजूला सासूची बहीण आणि नवऱ्याचा राग, दुसऱ्या बाजूला हात वर करून उभी असलेली एक हिरवी साडी. एका सकाळी तिनं भिमाबाईंना म्हटलं, “आई, तुमीच चाला माह्यासंगं. तुमच्या डोयासमोर लावते. तुमाले वाटलं नको, तं नको.” म्हातारीनं डोक्यावर पदर घेतला आणि चपला घातल्या.

दुकानात मुबीनानं तिला साबणानं हात धुवायला लावले, मग नवीन रुमालानं कोरडे करायला लावले. बोटाच्या टोकावर थेंबाएवढी लेन्स ठेवली. सुवर्णानं आरशात पाहत बोट डोळ्याजवळ नेलं, की पापणी फट्कन मिटायची. पुन्हा नेलं, पुन्हा मिटली. डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. एकदा लेन्स बोटालाच चिकटून राहिली, एकदा मांडीवर पडली आणि तिघी वाकून शोधत बसल्या. भिमाबाईंनाच ती सापडली. त्यांनी ती बोटानं हळूच दाबून पाहिली आणि म्हणाल्या, “खरंच वं, सायच हाये.” ती लेन्स मुबीनानं बाजूला टाकली आणि दुसरी काढली.

“आरशात नका पाहू,” ती म्हणाली. “वर पाहा, त्या कॅलेंडराकडं. पापणी मी धरते.”

थंड काहीतरी टेकलं. सुवर्णानं डोळा मिटला, उघडला. मग दुसरा.

पहिल्यांदा तिला पंख्याची पाती दिसली, त्यांच्यावरच्या धुळीसकट. मग हैदरचाचांच्या दाढीतला एकेक केस. मग रस्त्यापलीकडे स्टँडवर लागलेल्या बसची पाटी. मान न वळवता दाराच्या बाजूचं दिसत होतं, कुठे चौकट नाही, कडा नाही. आणि मग तिनं समोरच्या आरशात पाहिलं आणि हबकली. हातभर अंतरावरून स्वतःचा बिनचष्म्याचा चेहरा तिनं कधी पाहिलाच नव्हता. पाहिला असेल तो लग्नाच्या फोटोत. नाकाच्या दोन्ही बाजूंना चष्म्यानं पाडलेले दोन खड्डे होते. डोळे तिला वाटायचे त्यापेक्षा मोठे होते.

“काय दिसते?” भिमाबाईंनी विचारलं.

“मी,” सुवर्णा म्हणाली, आणि सगळ्या हसल्या.

मुबीनानं निक्षून सांगितलं होतं. लेन्सला नळाचं पाणी लावायचं नाही, लेन्स घालून झोपायचं नाही, डोळा लाल झाला की काढायची आणि सरळ दुकानात यायचं. सुरुवातीला रोज थोडाच वेळ घालायची. घरात आता भिमाबाईच हवालदार झाल्या. “हात धुतले का?” असा आवाज स्वयंपाकघरातून आलाच समजा. ती लेन्स लावत असताना नागसेन मात्र दारातून बघायचा आणि बाजूला व्हायचा.

बुद्धपौर्णिमेला दुसरबीडला कार्यक्रम होता. उन्हं कलल्यावर सुरू होणार होता. पायऱ्यांपाशी नागसेननं सवयीनं हात पुढे केला. सुवर्णाला एकेक पायरी स्वच्छ दिसत होती, तरी तिनं तो धरला.

वर जाऊन ती माइकसमोर उभी राहिली आणि तिनं समोर पाहिलं.

लाल खुर्च्यांच्या रांगाच रांगा होत्या, आणि त्यातल्या बहुतेक रिकाम्या. पुढच्या तीन-चार रांगांत बायका आणि पोरं. मग मधे ओसाड पट्टा. एका खुर्चीवर कुत्रं वेटोळं करून झोपलेलं. पार मागे निंबाखाली काही पुरुष होते, ते मोबाईलमध्ये मान घालून बसले होते. प्रसेनजितनं सूर दिला. तिला कळलंच नाही. त्यानं पुन्हा दिला. तेव्हा ती गायला लागली. आवाज नेहमीचाच होता, पण आतून पोकळ. हे तिचं तिलाच जाणवत होतं.

तीन गाण्यांनंतर चहा आला. ती नागसेनकडे वळली. “अहो, याले फुल म्हणते का?”

नागसेन ढोलकीची दोरी आवळत राहिला.

“कधीपासून असं हाये?”

“डीजे आल्यापासून कमी कमीच होत गेली,” तो खालीच बघत म्हणाला. “आता तं सगळं मोबाईलवर राह्यते. तू विचारायची, आन् मी पाहो तं समोर चाळीस माणसं. तुह्या आवाजात फरक पडू नये म्हणून म्हणत गेलो फुल. एकडाव म्हटलं आन् मंग म्हणतच राह्यलो.”

“आन् लेन्स नको म्हणत होते, ते याच्यापायी?”

“हाव,” तो म्हणाला. “धुळीची भीतीबी होती. पण जास्त हेच.”

सुवर्णाच्या डोळ्यांत पाणी आलं. राग होता, लाजही होती. भरल्या मैदानासमोर म्हणून आपण हात पसरून गायलो, ते रिकाम्या खुर्च्यांना! तिला वाटलं, आत्ताच्या आत्ता खाली उतरावं. तिनं पुन्हा एकदा मैदानाकडे पाहिलं, या वेळी खुर्च्या सोडून माणसांकडे.

पहिल्या रांगेत एक बाई मांडीवरच्या बाळाला थोपटत होती, आणि थोपटण्याला मघाच्या गाण्याचाच ठेका होता. तिच्या शेजारी पांढरी टोपी घातलेले आजोबा काठीवर हनुवटी टेकवून वाट बघत होते. दुसऱ्या रांगेतली शाळकरी मुलगी गाणं थांबलेलं असतानाही ओठ हलवत होती. पुढचं गाणं कोणतं, याचा अंदाज बांधत असावी. एक माणूस हसताना दिसला आणि सुवर्णाला कॉलेजातलं ते ‘बॅटरी’ आठवलं. पण तो त्याच्या पोरानं डोक्यावर उलटी घातलेली टोपी बघून हसत होता. ही माणसं डीजे सोडून, मोबाईल सोडून, उन्हातान्हाची येऊन बसली होती.

ती माइकपाशी गेली. “निंबाखालच्या दादाहो,” ती म्हणाली, “मोबाईल खिशात ठेवा आन् समोर या बरं. ते निळं शर्ट घातलेले दादा, तुमालेच म्हणून राह्यली. इकडंतिकडं काय पाह्यता?”

मैदानात हशा पिकला. निळा शर्टवाला दचकून उभाच राहिला. मग त्याच्यामागून एकेक करत सगळेच उठले आणि खुर्च्या उचलून पुढे घेऊन आले. कुत्र्यालासुद्धा जागा सोडावी लागली.

मग सुवर्णानं रमाईचं गाणं घेतलं. पहिलं कडवं तिनं बाळाच्या आईकडे पाहून म्हटलं. ती बाई आधी लाजली, मग एकटक बघत राहिली. दुसरं कडवं आजोबांना. शाळकरी मुलगी एके ठिकाणी शब्द चुकली, ते सुवर्णाला तिच्या ओठांवर दिसलं, आणि तिनं ती ओळ तिच्यासाठी पुन्हा, सावकाश म्हटली. मुलीनं बरोबर धरली आणि अभिमानानं आईकडे पाहिलं. नागसेनचा हात ढोलकीवर असा पडत होता, जणू त्याच्या छातीवरचं ओझं उतरलं होतं. शेवटच्या ओळीला पुढच्या बायका आपण होऊन गायला लागल्या. तेव्हा सुवर्णानं माइक खाली घेतला आणि नुसतं ऐकलं. टाळ्या थोड्याच होत्या. त्या कुठेही उडून गेल्या नाहीत, थेट तिच्यापर्यंत आल्या.

कार्यक्रम आटोपल्यावर आयोजकांच्या घरी तिनं साबणानं हात धुतले, लेन्स काढून डबीत ठेवल्या आणि चष्मा लावला. तशीच ती अंगणात पंगतीला आली. घरची सून पुष्पांजली वाढत होती. ती क्षणभर थबकली आणि म्हणाली, “अगंबाई ताई, चष्मा पण लागतो होय तुम्हाला?”

“लागते ना, चांगला साडेआठचा,” सुवर्णा म्हणाली, आणि ताट पुढे केलं.

नागसेन शेजारी बसला होता. बराच वेळ तो भातच कालवत होता. मग हळूच म्हणाला, “रागावली काय?”

“हाव. लई.” तिनं वरणाचा घास घेतला. “यानंतर मले खोटं सांगू नका.”

“तुले आता दिसतेच. खोटं सांगून उपेग काय?”

तिला हसू आलं, पण तिनं ते दाखवलं नाही. “पुढचा कार्यक्रम कुठं हाये?”

“चिखलीकडं. पुढच्या रविवारी.”

“त्याइले सांगून द्या, खुर्च्या कमीच मांडा म्हणा. आन् रांगेत नका मांडू, गोल मांडा, माह्या जवळ. मले सगळे दिसले पाह्यजे.”

नागसेननं उष्टा हात मांडीवर तसाच ठेवला, डाव्या हातानं फोन काढला आणि तिथंच नंबर लावला.